जुन्या शिपयार्डच्या जागी वस्ती उभारायची असेल तर आधी काय ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा: शंभराहून अधिक वर्षे चाललेले एक शिपयार्ड बंद पडले आहे. दोन ड्राय डॉक (जहाज आत घेऊन पाणी उपसून कोरडी करता येणारी गोदी), जहाज पाण्यात सोडायचा एक स्लिपवे, चार प्रचंड शेड, काही क्रेन आणि भोवतीची उंच भिंत एवढे उरले आहे. मालकाला तिथे घरे, कार्यालये, दुकाने आणि पाण्याकाठी फिरायला जागा अशी मिश्र वस्ती हवी आहे आणि वारसाही जपायचा आहे. सुरुवात कुठून करावी, आणि असे प्रकल्प नेमके कुठे अडतात?

बरीच वर्षे अशाच जागांवर काम करतो आहे, त्यामुळे मुद्द्याचे आधी सांगतो. घरांचा आराखडा शेवटी काढा. पहिला निर्णय घ्यायचा तो हा, की या जागेत पाण्यावरचे काम कुठे आणि किती चालू राहणार. घरे शहरात इतरत्रही बांधता येतात. खोल पाण्याला लागलेला धक्का, त्याला जोडलेला ड्राय डॉक आणि मागे जड यंत्रे पेलणारी फरशी, हे सगळे एकदा गेले की कितीही पैसा ओतला तरी परत उभे राहत नाही. कारण तशी जागाच उरलेली नसते. पण बहुतेक प्रकल्पांत उलटे होते. पाण्याच्या कडेला सर्वांत महाग सदनिका येतात, आणि मग डॉकमध्ये एखादी बोट दुरुस्तीला आली तरी पहिल्याच आठवड्यात आवाजाची तक्रार जाते.

काम टिकवून काय होते ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन नेव्ही यार्डमध्ये पाहता येते. १८०१ साली स्थापन झालेले हे नौदलाचे यार्ड १९६६ मध्ये बंद झाले. शहराने सुमारे ३०० एकर जमीन ताब्यात घेतली आणि पुढे ती चालवायला ना-नफा संस्था नेमली. तिथे आज छोटे-मोठे कारखाने, स्टुडिओ आणि खाद्यपदार्थ बनवणारे आहेत, जहाजदुरुस्तीही चालते. १८५१ मध्ये पूर्ण झालेला तिथला पहिला ड्राय डॉक संरक्षित वास्तू आहे. दहा हजारांहून अधिक लोक तिथे काम करतात. यार्डात नवी निवासी वस्ती आणायची नाही, हे धोरण त्यांनी टिकवले म्हणूनच हे जमले. तुम्हाला घरे हवीच आहेत, त्यामुळे हे प्रारूप जसेच्या तसे उचलता येणार नाही. पण इंग्लंडमधल्या चॅटमचा मार्ग घेता येईल. १९८४ मध्ये तिथली शाही गोदी बंद झाल्यावर जागेचे तीन भाग केले गेले. सर्वांत जुना भाग वारसा म्हणून विश्वस्त संस्थेकडे गेला, एक भाग व्यापारी बंदराला मिळाला आणि उरलेल्यावर वस्ती झाली. वारशाच्या भागातल्या दोरखान्यात आजही दोर वळले जातात.

घरे आणि काम शेजारी ठेवायचे असतील तर त्यांच्यामध्ये अंतर हवे. ते नकाशावरच्या हिरव्या पट्टीने मिळत नाही, इमारतींच्या क्रमाने मिळते. डॉकला लागून कार्यशाळा, तिच्यामागे कार्यालये आणि त्यांच्या आडोशाला घरे, असा क्रम लावा. कायद्याचा आधारही घ्या. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८ पासून असे स्पष्ट म्हटले आहे, की आधीपासून चालणाऱ्या व्यवसायाशेजारी जो नवे बांधकाम करतो, आवाजाचा बंदोबस्तही त्यानेच करायचा. तुमच्याकडे असा नियम नसेल तर तो विक्रीकरारात आणि भाडेपट्ट्यात लिहून घ्या. घर घेणाऱ्याने सही करतानाच वाचलेले असले पाहिजे, की समोरच्या डॉकमध्ये सकाळी सातला ग्राइंडर सुरू होतो.

आता जमीन कोणाची, हे पाहा. शिपयार्डची जमीन बहुधा एका तुकड्याची नसते. मूळ किनारा, त्यापुढे वेगवेगळ्या काळात घातलेला भराव, पाण्याखालचा तळ, रेल्वेची रुळपट्टी, एखादा लष्करी कोपरा, अशी ती असते आणि प्रत्येक तुकड्याचा हक्क वेगळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ७० या जुन्या शिपयार्डचा अनुभव इथे फार उपयोगी आहे. कॅलिफोर्नियात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली जमीन, तिच्यावर भराव घातलेला असला तरी, राज्याने जनतेची विश्वस्त म्हणून धरायची असते. तिथे जलवाहतूक आणि सार्वजनिक वापर चालतो, घरे चालत नाहीत. म्हणून २०११ मध्ये स्वतंत्र कायदा करून आतल्या भूखंडांवरचे हे बंधन हलवता येईल आणि किनाऱ्याची कड पक्की सार्वजनिक राहील अशी सोय केली गेली. मग २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये २८ एकरांवर इमारतींची उंची ४० फुटांवरून ९० फुटांपर्यंत वाढवायची का, हे शहरातल्या मतदारांना विचारले गेले. तीस टक्के घरे परवडणाऱ्या दरात, उद्याने आणि जुन्या वास्तूंची दुरुस्ती एवढे त्याच प्रस्तावात लिहिले होते. लोकांनी होकार दिला. उंचीच्या मोबदल्यात काय मिळणार हे आधी कागदावर आले की लोक विचार करतात, हा माझा इतर ठिकाणचाही अनुभव आहे. उंची आधी मागितली आणि बाकीचे ‘पुढे पाहू’ म्हटले, की विरोध होणारच, आणि तो रास्त असतो.

शक्य असेल तर पाण्यालगतची जमीन विकूच नका, दीर्घ भाडेपट्ट्याने द्या. समुद्राची पातळी वाढते आहे. पन्नास वर्षांनी धक्क्याची भिंत उंचावायची वेळ येईल तेव्हा चाळीस खाजगी मालकांची संमती गोळा करावी लागली, तर ती भिंत कधीच उंच होणार नाही.

जमिनीखाली काय आहे याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण अंदाजपत्रक इथेच कोसळते. शिपयार्डमधले प्रदूषण सगळीकडे सारखे पसरलेले नसते, ते कामाच्या जागेप्रमाणे साचलेले असते. जहाजाचा जुना रंग काढायला वाळूचा किंवा तांब्याच्या मळीचा मारा करत. तो काळा, काचेसारखा टोकदार रवा डॉकच्या कडेने आणि तळाच्या गाळात थराथराने सापडतो. हातात घेतला तर निरुपद्रवी दिसतो, पण त्यात शिसे, तांबे, जस्त असते आणि जहाजाच्या बुडाला लावायच्या रंगातले ट्रायब्युटिल्टिन असते. हे रसायन इतक्या सूक्ष्म प्रमाणातही घातक आहे, की त्यामुळे समुद्री गोगलगाईंच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये वाढलेली आढळली. २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याच्यावर बंदी आली आणि तो करार २००८ मध्ये लागू झाला, पण गाळातला साठा अजून तिथेच आहे. बॉयलर आणि पाइपांच्या कामाच्या जागी ॲस्बेस्टॉस, वीजकेंद्राजवळ पीसीबी ही विजेच्या यंत्रांतली विषारी रसायने, गॅल्व्हनायझिंगच्या (लोखंडाला जस्ताचा मुलामा द्यायच्या) हौदाशेजारी आम्ले, आणि जिथे तेलाच्या टाक्या होत्या तिथे भूजलावर तरंगणारा तेलाचा थर. नौदलाचे यार्ड असेल तर चमकणाऱ्या डायलसाठी वापरलेले रेडियमही.

म्हणून सरसकट चौकोनी जाळी आखून बोअर घेऊ नका. जुने नकाशे, आगविम्याचे आराखडे आणि हवाई छायाचित्रे एकावर एक ठेवा आणि कुठल्या दशकात कुठे काय चालत होते ते उतरवून काढा. निवृत्त कामगारांना बरोबर घेऊन जागेवर फिरा. कुठला हौद कधी फुटला, रंगाचे उरलेले डबे कुठे पुरले, हे कुठल्याच कागदावर नसते, त्यांना मात्र पक्के ठाऊक असते. मगच नमुन्यांच्या जागा ठरवा आणि नमुने तपासणाराही स्वतंत्र ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोच्याच हंटर्स पॉइंट यार्डमध्ये मातीच्या नमुन्यांत फेरफार केल्याबद्दल कंत्राटदाराच्या दोन पर्यवेक्षकांना २०१८ मध्ये शिक्षा झाली. तिथे मोठ्या भागाची तपासणी पुन्हा करावी लागली आणि शेजारच्या वस्तीचा विश्वास गेला तो वेगळाच. साफसफाईचा खर्च मोजता येतो, विश्वास उडाल्याचा मोजता येत नाही.

सगळी माती खणून बाहेर नेणे क्वचितच शहाणपणाचे असते. जिथे मुले खेळणार, भाजी लावणार, तिथे स्वच्छ माती हवीच. जिथे रस्ता किंवा वाहनतळ येणार तिथे जागच्या जागी झाकून चालते. म्हणजे प्रदूषणाचा नकाशा आणि भू-वापराचा नकाशा एकाच टेबलावर बनला पाहिजे. आर्किटेक्टने आधी आराखडा काढायचा आणि पर्यावरण सल्लागाराने नंतर ‘साफ करून द्यायचे’, ही पद्धत दुप्पट महाग पडते.

पाण्याच्या पातळीचा प्रश्न याला जोडूनच येतो. हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीत, जे शिपयार्ड नसून जुने बंदर आहे, नव्या इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंचीच्या भरावावर उचलल्या आणि जुने धक्के खालीच ठेवले. पूर आला तर धक्क्यावरचा रस्ता बुडतो, घरे कोरडी राहतात. नव्या बांधकामाला हे उत्तम आहे. पण तुमच्या जुन्या शेड खालच्या पातळीवर आहेत आणि त्या उचलता येणार नाहीत. तिथे तळमजल्यावर पाणी शिरले तरी धुऊन पुन्हा वापरता येईल असेच उपयोग ठेवा, आणि विजेचे पॅनेल, लिफ्टची यंत्रणा, जनरेटर वर न्या. धक्क्याच्या भिंतीची तपासणी पाणबुड्यांकडून करून घ्या. पोलादी शीटपाइल (एकमेकांत अडकवून जमिनीत ठोकलेले जाड पत्रे) असतील तर ते ओहोटीच्या पातळीच्या आसपास झपाट्याने गंजतात, वरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. लाकडी खांबांवरचा पाया असेल तर उलटी काळजी. पूर्ण पाण्याखालचे लाकूड शंभर वर्षेही कुजत नाही, पण नव्या तळघरासाठी पंप लावून भूजल खाली नेले की खांबांचे डोके उघडे पडते आणि त्यावरची जुनी इमारत खचू लागते.

आता ड्राय डॉक. माझा जीव सर्वांत जास्त यात अडकतो. प्रत्येक आराखड्यात डॉक रिकामा आणि कोरडा दाखवून त्याच्या तळाशी मैफली, बाजार, बर्फावरची घसरगुंडी रंगवलेली असते. पण डॉक म्हणजे जमिनीत रुतवलेली, वरून उघडी अशी एक नाव आहे. आत पाणी नसताना भूजल तिला खालून वर ढकलत असते. डॉक दहा मीटर खोल असेल आणि भूजल काठापर्यंत असेल, तर तळाच्या दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन दाब वरच्या दिशेने येतो. जुने डॉक हा दाब नुसत्या वजनाने पेलत, किंवा तळाखाली चर खणून पंपाने पाणी सतत उपसत. यार्ड बंद झाले, वीज तोडली, पंप थांबले की हिशेब बिघडतो. डॉक कायम कोरडा ठेवायचा म्हणजे पंप, झडपा आणि तरंगत्या दरवाजाची देखभाल कायमची गळ्यात घेणे.

डेन्मार्कमधल्या हेल्सिंगरचे उदाहरण मी नेहमी देतो. तिथले नवे सागरी संग्रहालय २०१३ मध्ये जुन्या यार्डच्या ड्राय डॉकपाशी उघडले. स्पर्धेत संग्रहालय डॉकच्या आत बसवणे अपेक्षित होते. वास्तुरचनाकार बियार्के इंगल्स यांच्या कार्यालयाने ते डॉकच्या भिंतींबाहेर, जमिनीखाली गुंडाळले आणि डॉक मोकळा ठेवला. शेजारी क्रोनबोर्ग किल्ला असल्याने वर काही उभारायलाही बंधन होते. आज तुम्ही उतारावरच्या पुलांवरून चालत खाली जाता आणि जहाजाएवढी पोकळी तुमच्या बाजूला असते. ती पाहिल्यावर डॉक म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तळ वर उचलला जाऊ नये म्हणून तो जमिनीत खोल नांगर ठोकून बांधावा लागला. असा खर्च परवडणार असेल तरच कोरडा डॉक. नाहीतर तो पाण्याने भरा, जुन्या नौकांसाठी ठेवा. पाणी आत असले की दाबाचा तोल आपोआप राखला जातो. दोनपैकी एक डॉक चालू दुरुस्तीला आणि दुसरा भरलेला, अशी माझी तुम्हाला सूचना आहे. कुठलाही डॉक बुजवू नका. भराव घालून मिळणारी जमीन थोडी असते आणि यार्डचा सारा अर्थ त्या खड्ड्यात असतो.

स्लिपवे त्या मानाने उदार असतो. त्याचा उतार साधारण वीसात एकच्या आसपास असतो, म्हणजे चाकाच्या खुर्चीलाही चढता-उतरता येईल इतका. तो पाण्यापर्यंत तसाच मोकळा सोडा. लोक बसतात, पोहायला उतरतात, छोट्या होड्या सोडतात. त्यावर काही ‘डिझाइन’ करायची गरज नाही.

शेडबद्दल दोन गोष्टी. त्यांची ताकद पोकळीत आहे. वरून क्रेन धावत असे म्हणून त्या उंच, खांबांशिवाय रुंद आणि छतातून उजेड घेणाऱ्या आहेत. आत मजले भरून सदनिका केल्या की कवच तेवढे उरते, शेड जाते. ॲमस्टरडॅमच्या एनडीएसएम यार्डच्या मोठ्या शेडमध्ये वेगळी वाट धरली गेली. आत पोलादी सांगाडा उभारला, त्यात कलाकारांनी आपापले स्टुडिओ बांधले, आणि वरची पोकळी तशीच राहिली. उष्णतारोधनही छोट्या खोल्यांपुरतेच करावे लागले, अख्खी शेड तापवायची गरज पडली नाही. दुसरी गोष्ट मोल्ड लॉफ्टची. ही वरच्या मजल्यावरची लांबच लांब मोकळी खोली. इथे जहाजाच्या प्रत्येक छेदाची रेषा जमिनीवर पूर्ण आकारात आखून त्यावरून साचे बनत. गुडघ्यावर बसून तिरक्या उजेडात पाहिले तर लाकडात कोरलेल्या त्या वक्र रेषा अजून दिसतात, एकावर एक, अनेक जहाजांच्या. ठेकेदार ती फरशी घासून पॉलिश करायला निघतो. निविदेतच लिहा की ती फरशी घासायची नाही.

काही वास्तूंना चटकन उपयोग सापडत नाही. बॉस्टनच्या चार्ल्सटाउन नेव्ही यार्डमधला दगडी दोरखाना पाव मैल लांब आणि अगदी अरुंद. यार्ड १९७४ मध्ये बंद झाले आणि दोरखान्यात घरे व्हायला चार दशकांहून अधिक काळ गेला. अशा इमारतीचे छत आणि पन्हळी धड ठेवून वाट पाहायची असते. ‘वापर नाही, म्हणून पाडा’ हा तर्क दहा वर्षांच्या हिशेबाचा आहे.

क्रेनबद्दल थोडक्यात. स्वीडनमधल्या माल्मोच्या कोकम्स यार्डची प्रचंड क्रेन २००२ मध्ये एका डॉलरला दक्षिण कोरियाच्या कंपनीला विकली गेली आणि उल्सानला गेली. शहराला तो घाव लागला. बिल्बाओने एउस्काल्दुना यार्डची ‘कारोला’ ठेवली, गोथेनबर्गने एरिक्सबर्गची ठेवली, बेलफास्टच्या सॅमसन आणि गोलायथ या जोडक्रेनना वारसा संरक्षण आहे. पण ठेवायची म्हणजे दर काही वर्षांनी रंग, गंजतपासणी आणि वाऱ्याविरुद्ध बांधणी आली. हा निधी प्रकल्पाच्या सेवाशुल्कात पहिल्या दिवसापासून धरा. सगळ्या क्रेनसाठी पैसा नसेल तर एकच ठेवा, पण नीट ठेवा.

माल्मोकडून शिकण्यासारखे मात्र खूप आहे. कोकम्स यार्ड जिथे होते त्याच पश्चिम बंदरात २००१ च्या बो०१ गृहप्रदर्शनासाठी क्लास थाम यांनी आखलेली वस्ती पाहा. समुद्राकडे उंच इमारतींची रांग वारा अडवते, आणि तिच्या मागे जरा वाकड्या गल्ल्या, छोटी अंगणे, ठेंगण्या इमारती. पाण्याकाठच्या वस्तीत दृश्याचा सगळे विचार करतात, वाऱ्याचा कोणी करत नाही. सरळ रुंद रस्ते पाण्याकडे उघडले की वर्षातले कित्येक महिने तिथे कोणी थांबत नाही. समोरच्या लाकडी पायऱ्यांवर आज अख्खे शहर पोहायला येते, कारण ती कड कुणाच्या घराची नाही. तुमच्या आराखड्यात पाण्याची सगळी कड सार्वजनिक आहे ना, हे पहिल्यांदा तपासा. जिथे चालू डॉकमुळे ती तुटेल तिथे रस्ता मागून वळवा आणि लोकांना काम पाहता येईल अशी जाळी लावा.

मधली वर्षे रिकामी ठेवू नका. कोपनहेगनच्या रेफ्सहेलओएन बेटावरचे बी अँड डब्ल्यू यार्ड १९९६ मध्ये दिवाळखोरीत निघाले. त्यानंतरच्या तात्पुरत्या भाडेकरूंनी, कारागीर, नाट्यसंस्था आणि खाद्यबाजार यांनी, ती जागा शहराला परत ओळखीची करून दिली. २०१४ ची युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा तिथल्याच जहाजबांधणीच्या शेडमध्ये झाली. पण तात्पुरत्या माणसांना पाच-सात वर्षांचा लेखी करार द्या आणि कायमच्या टप्प्यात त्यांच्यासाठी ठरावीक क्षेत्र राखून ठेवा. त्यांनी जागेला मोल आणायचे आणि मोल आले की त्यांनाच बाहेर काढायचे, हे मला अन्यायाचे वाटते. शिवाय त्यांच्याबरोबर तळमजल्यांची वर्दळही निघून जाते. प्रत्येक तळमजल्यावर दुकान हा हट्टही सोडा. एवढी दुकाने कोणतीच नवी वस्ती पोसत नाही. कार्यशाळा, शाळा, दवाखाना, सायकलदुरुस्ती चालेल.

आणि कामगार. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या शिपयार्डमध्ये १९८० च्या ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटी ही कामगार चळवळ जन्माला आली. तिथले फाटक क्रमांक दोन आणि सलोख्याच्या करारावर सह्या झालेली सभागृहाची इमारत जपलेली आहे, शेजारी २०१४ पासून या चळवळीच्या इतिहासाचे मोठे केंद्र आहे. तुमच्या यार्डाला जगाच्या इतिहासात जागा नसेल, पण तिथेही अपघातात माणसे गेली आहेत, संप झाले आहेत, ॲस्बेस्टॉसने फुप्फुसे गेली आहेत. कोनशिलेवर मालकाचे आणि जहाजाचे नाव येते, रिव्हेट ठोकणाऱ्याचे येत नाही. त्यांच्या मुलाखती आता घ्या, आणि परवडणाऱ्या घरांत व नव्या कार्यशाळांतल्या प्रशिक्षणात त्यांच्या कुटुंबांना प्राधान्य कसे देता येईल ते करारात बांधा.

आराखड्याची स्पर्धा जाहीर करण्याआधी, याच महिन्यात करायच्या तीन गोष्टी सांगतो. डॉकचे पंप आणि त्यांची वीज चालू आहे का, ते पाहा. शेडच्या पन्हळी साफ करवून घ्या, कारण तुंबलेल्या पन्हळीनेही बंद शेड पडतात. आणि ड्रॉइंग ऑफिसला कुलूप लावा. तिथल्या कपाटांत डॉकचे मूळ छेद, पायाचे खांब, जमिनीखालच्या नळांचे नकाशे असतात. भंगारवाला पहिल्यांदा लोखंडी कपाट उचलतो आणि आतले कागद तिथेच ओततो. पाऊस लागण्याआधी ते स्कॅन करून घ्या. नंतरच्या तपासणीतले कित्येक बोअर त्या कागदांमुळे वाचतील.